अमावास्येला जोडलेली टाकी

माणसानं मासे आधी आणावेत की टाकी, या प्रश्नावर आमच्या घरात आता मतभेद उरलेले नाहीत. मी मासे आधी आणले होते. एक केशरी, एक काळा. आणि ते राहत होते आईच्या मोठ्या डेचक्यात, ज्यात नागपंचमीची दिंडं उकडतात.

महिना आषाढाचा. श्रावणात मासे-मटण बंद, त्यामुळे आषाढ संपत आला की आमचं वडगाव हाताला लागेल ते शिजवून घेतं. अशा दिवसांत माशानं डेचक्यात राहणं म्हणजे अर्धी पाककृती स्वतःच उरकून ठेवण्यासारखं. येणारा-जाणारा झाकण उचलायचा, आत बघायचा आणि आईला विचारायचा, "मावशी, आमसूल घालताय की चिंच?"

आईनं मुदत जाहीर केली. "शिवा, पंचमीला तुझी नीलम आक्का येणार. लग्नानंतरची पयली पंचमी हाय तिची. तवर डेचकं मला मोकळं पायजे. न्हायतर तुझी ही दोघं किल्ल्याच्या तळ्यात."

"टाकी मी स्वतः बनवतोय," मी म्हणालो.

वाक्यात काही चूक नव्हती. चूक एवढीच की ते बोलताना दार उघडं होतं. वडगावात दार उघडं ठेवून बोललेलं वाक्य हे वाक्य राहत नाही, ती जाहीर घोषणा होते. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकानं मला सांगून झालं होतं की तयार टाकी बाजारात मिळते. सगळ्यांनीच सांगितल्यामुळे ती विकत आणायचा मार्ग मला कायमचा बंद झाला.

मी गाड्यांच्या विम्याच्या कचेरीत काम करतो. लोकांचे दावे वाचायचे आणि "हे यात बसत नाही" असं लिहायचं, हे माझं काम. फटी शोधण्याचा मला दांडगा अनुभव आहे. बुजवण्याचा नव्हता.

काचवाल्यानं तळ आणि चार भिंती अशा काचा मापात कापून दिल्या. "जोडणार कोण?" त्यानं विचारलं. "मी," म्हणालो. त्यानं काचा पुन्हा एकदा कागदात गुंडाळल्या, जाड. त्याला माझ्याबद्दल तेव्हाच काहीतरी कळलं असावं.

जोडण्याआधी तज्ज्ञांचं मत घ्यायची वेळ माझ्यावर आली नाही, कारण तज्ज्ञ आमच्या उंबऱ्यावर बसूनच होते. समोरचे अप्पासाहेब. पाटबंधाऱ्यातून निवृत्त. जगातलं कुठलंही पाणी, अगदी पेल्यातलंसुद्धा, आपल्याच हाताखालून गेलेलं आहे अशा नजरेनं ते त्याकडे बघतात.

"पाण्याला काय पायजे?" अप्पासाहेबांनी विचारलं.

मला वाटलं त्यांना प्यायला हवंय. मी पेला आणला.

"तसं न्हवं रं. पाण्याला वाट पायजे. ती आपून द्यायची न्हाय. दगडासारखा सांधा कर. कडक. बोट दुखलं पायजे दाबताना. ती दोन गोळ्यांची लांबी मिळते बघ, कालवून फटीत भरायची, ती लाव."

मी ती लांबी कालवली, लावली. वाळल्यावर सांधा खरोखर दगडासारखा झाला. बोट दुखलं. अप्पासाहेबांचंही दुखलं, आणि त्यांनी समाधानानं मान हलवली. मी पाणी भरलं. थेंब नाही. आईनं डेचक्याकडे आशेनं बघितलं. मी माशांना उद्देशून दोन शब्द बोललो.

मग शेजारी भरमू अण्णांनी माग सुरू केले.

आमची आणि भरमू अण्णांची भिंत एकच. पलीकडे त्यांचा पत्र्याचा कारखाना, आत पॉवरलूमची ओळ, आणि सकाळी बटण दाबलं की खटाक-खट, खटाक-खट. आम्ही जन्मापासून त्या आवाजात वाढलो. आमच्या घरात फळीवरची भांडी दुपारपर्यंत हातभर सरकतात आणि आई ती परत लावते. बाहेरगावचे पाहुणे दचकतात, आम्हाला तो आवाज येतच नाही. आणि जे येत नाही त्याचा विचार माणूस करत नाही.

टाकीचा कोपरा बारीक टिचकला. पाण्याची एक रेघ काचेवरून उतरली, टेबलावरून उतरली आणि शांतपणे भिंतीच्या दिशेनं निघाली.

अप्पासाहेब वाकून बघत होते. "उतार चांगला हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या वेळी मी कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवलं आणि मोबाईलचं ऐकलं. मोबाईल म्हणाला, सिलिकॉन. नळकांड्यात येतं, बंदुकीत घालून चाप ओढायचा, पेस्टसारखी वळी बाहेर येते. हे सिलिकॉन वाळत नाही. हवेतला ओलावा पिऊन ते घट्ट होतं. हे वाचून मला गहिवरून आलं. बेळगावच्या आषाढात जिथं पापड, सदरे, आगकाड्या आणि माणसं मऊ पडतात, तिथं एक तरी वस्तू अशी निघाली जिला हे हवामान मानवतं.

मी बंदूक घेऊन सांधे भरले. घरभर आंबूस वास सुटला. आई थेट लोणच्याच्या बरणीकडे धावली, झाकण काढून वास घेतला, मग बरणी, मग मी, मग पुन्हा बरणी असं हुंगून झालं. "लोणचं बरं हाय," तिनं निकाल दिला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू नासलेली वस्तू तिला सापडली होती.

पण सिलिकॉन घट्ट व्हायला निवांतपणा लागतो आणि पलीकडे माग चालू होते. काचा जागच्या जागी थरथरत राहिल्या. शिवाय कारखान्यातला धाग्याचा फुफाटा खिडकीतून यायचा तो यायचाच. दुसऱ्या दिवशी बघतो तर सांध्यांना लव फुटलेली. टाकीला मिशी आली होती. तिच्यातून पाणी वाऱ्यावर हलणाऱ्या गवतातून झिरपावं तसं नाजूक झिरपलं.

मी त्या सांध्यावर दुसरा थर दिला. जुन्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन चिकटत नाही, हे नळकांड्याच्या पाठीवर छापलेलं होतं. मी पाठीवरचं वाचत नाही. कचेरीत लोक वाचत नाहीत म्हणून त्यांचे दावे मी नाकारतो, त्यामुळे हा धक्का जरा वेगळ्या जागी बसला.

आणि त्याच आठवड्यात भरमू अण्णा दारात उभे राहिले. उंच माणूस, खांद्यावर टॉवेल, आवाज मागाच्या वर चढवून बोलायची आयुष्यभराची सवय. म्हणजे "चहा देता का" हेसुद्धा ते भांडल्यासारखंच विचारतात. आता तर ते भांडायलाच आले होते.

"शिवा! भिंत ओली झालीया माझी! बीम भिजला! त्या जांभळ्या साडीच्या ताण्यावर हा एवढा डाग पडलाय! मासं पाळतोस काय कालवा काढतोस?"

मी जाऊन बघितलं. माझ्या टाकीच्या बरोबर पलीकडे, भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओलीची पट्टी, आणि तिच्या पायथ्याशी गुंडाळलेल्या उभ्या धाग्यांवर, म्हणजे ताण्याच्या बीमवर, डाग. विमा कंपनीच्या माणसाला सगळ्यात अपमानाची गोष्ट कुठली, तर दुसऱ्याचा दावा योग्य वाटणं.

अप्पासाहेबांना मात्र एवढं पाणी त्या एवढ्याशा टाकीतून येईल हे पटेना. "ह्यो रस्त्याच्या पाइपाचा पाझर हाय," असं म्हणून त्यांनी फोनवरून तक्रार नोंदवून टाकली. त्यांच्या निवृत्तीनंतर पाण्याचं पहिलंच काम हाती लागलेलं, ते सोडणार नव्हते.

पाण्याच्या हापिसातून नागेंद्र नावाचे गृहस्थ आले. सोबत कुदळ-फावडी घेतलेली माणसं. मी सरळ त्यांना घरात नेलं.

"साहेब, गळती ही आहे. माझी. घरातली. रस्त्याचा यात काही दोष नाही."

नागेंद्रांनी टाकीची मिशी बघितली. माशांचं डेचकं बघितलं. "फ्राय?" त्यांनी चौकशी केली. नाही म्हटल्यावर पुन्हा कामावर आले. "ही गळती आमच्यात येत न्हाय. कंप्लेंट रस्त्याची हाय. रस्ता खणल्याबिगर क्लोज होत न्हाय."

"पण रस्त्यात गळतीच नाहीये!"

"ते खणल्यावर कळतंय की."

मी त्या माणसाला तिथंच मनातून मानलं. आमच्या कचेरीत असा एक जण असता तर आम्हाला कधी कुणाला एक दमडी द्यावी लागली नसती.

त्यांनी आमच्या दारासमोर खड्डा खणला. पाइप निघाला, सणसणीत कोरडा. नागेंद्रांनी त्याचे समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढले, एकात अप्पासाहेबांनाही घेतलं. "आयतु, झालं, कंप्लेंट क्लोज," म्हणाले आणि निघाले.

"आणि खड्डा?"

"खड्ड्याची कंप्लेंट आलीय काय?"

तेव्हापासून आमच्या घरात यायला एक फळी ओलांडावी लागे. आई त्या फळीवरून दळण घेऊन यायची आणि प्रत्येक वेळी मधोमध थांबून घराकडे तोंड करून म्हणायची, "टाकी म्हणं!"

एका दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. ताटावर बसलो. टाकीत शेवटचं वीतभर पाणी होतं आणि तळाच्या सांध्यातून थेंब पडत होते, टप, टप. पलीकडे माग थांबले. कामगार जेवायला सुटले. आणि थेंब थांबले.

मी घास हातात धरून बसून राहिलो. थेंब नाही. जेवण झालं, आईनं दोनदा ताक वाढलं, थेंब नाही. पलीकडे बटण दाबलं गेलं. खटाक-खट. टप.

मी उठून काचेवर तळहात ठेवला. काच गुणगुणत होती. जन्मभर जो आवाज मला आला नाही तो हाताला आला. तेव्हा प्रकरण उलगडलं. ज्या घरात काच दिवसभर हलते तिथं दगडासारखा सांधा टिचकणारच. सांधा पाहिजे रबरासारखा, जो काचेला हलू देईल आणि पाण्याला हलू देणार नाही. तो सिलिकॉनचाच होणार. फक्त तो तयार होईपर्यंत त्याला एक शांत दिवस द्यायला हवा. आणि वडगावात माग पूर्ण बंद कधी असतात? अमावास्येला. वाडवडिलांपासून.

अमावास्या दोन दिवसांवर होती.

"अवसेला?" आई ओरडली. "अवसेला कुणी नवं काम करतंय व्हय रं? अवसेला माणूस केस कापत न्हाय, आन तू घर बांधणार?"

"टाकी आहे आई. घर नाही."

"त्यांचं घरच की!" असं म्हणून ती डेचक्याकडे वळली आणि आपण माशांची बाजू घेतली हे लक्षात येऊन स्वतःवरच चिडली.

भरमू अण्णा फळी ओलांडून आले. त्यांनी ऐकलं होतं. "कर की. अवसेला कर न्हायतर गिराणाला कर. पर पंचमीच्या आदल्या दिवशी टाकी भरायची, माझे समदे माग चालू असताना, माझ्यासमोर. माझी भिंत भिजली, तर त्या काचा तूच उचलून त्या खड्ड्यात टाकायच्या. कबूल?"

दार उघडं होतं. मी कबूल म्हणालो.

अमावास्येच्या दिवशी गल्लीत एवढी शांतता होती की मला माझ्याच घरातलं घड्याळ ऐकू आलं. मी पात्यानं जुनं सिलिकॉन खरवडून काढलं, अगदी पातळ थरसुद्धा ठेवला नाही. काचा स्पिरीटनं पुसल्या. खिडकीला आईचं जुनं लुगडं बांधलं, फुफाटा नको म्हणून. बाहेर आषाढी मटणाचा दरवळ आणि आत माझा आंबूस वास, असा गल्लीत सामना चालला होता. कडांना कागदी पट्ट्या लावल्या. चाप एका दमात ओढला, बोट साबणाच्या पाण्यात बुडवून एका फटक्यात सांधा ओढला, पट्ट्या काढल्या. काचा टेकू देऊन उभ्या ठेवल्या. आणि माग सुरू व्हायच्या आत ती अख्खी टाकी थर्मोकोलच्या जाड तक्त्यावर बसवली.

मग वाट बघितली. आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पाणी घालायचं नाही, हे पाठीवर छापलेलं होतं. आता मी पाठ वाचत होतो.

या मधल्या दिवसांत पावसानं उघडीप दिली. आणि माझ्या दुर्दैवानं भरमू अण्णांची भिंत खडखडीत वाळली.

"बघिटलासा?" अण्णा फळीवर उभं राहून गल्लीला सांगत होते. "टाकी रिकामी, भिंत कोरडी! आनि काय पुरावा पायजे?"

अप्पासाहेबांनीसुद्धा माझी बाजू सोडली. आईनं परड्यात जाऊन एक बादली घासून ठेवली. कशाला विचारलं तर म्हणाली, "तळ्यापर्यंत न्यायला."

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या घरात गल्ली जमली. आभाळ पुन्हा भरून आलेलं. मी टाकीखाली वर्तमानपत्र पसरलं, थेंब पडला तर दिसावा म्हणून. नीलम आक्का तेवढ्यात संकेश्वरहून पोचली. बॅग हातात घेऊन फळीवर थबकली आणि म्हणाली, "कोण गेलं?"

"अजून कोण न्हाय," भरमू अण्णा म्हणाले आणि बटण दाबायला गेले.

मी पाणी ओतलं. काठोकाठ. पलीकडे एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळी ओळ. पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठली. काच गुणगुणू लागली. सगळ्यांचे डोळे वर्तमानपत्रावर. अप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला, घातला, आणि शेवटी गुडघे टेकून कागदावर हात फिरवला.

"कोरडं," ते म्हणाले.

बाहेर सर आली. पत्र्यावर तडतड. कागद कोरडा. आईच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल व्हायला लागलं होतं, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून माग, पाऊस आणि पत्रा या सगळ्यांच्या वर आवाज आला.

"भिजलीऽऽ! भिंत भिजली माझी!"

गल्ली फळी ओलांडून तिकडे धावली. मी शेवटी गेलो. घाई कशाला करायची? काचा कुठं टाकायच्या ते ठरलेलंच होतं. भिंतीवर तीच पट्टी, वरपासून खालपर्यंत, चमकत होती. भरमू अण्णा तिच्याकडे विजयानं हात करून उभे.

आणि तिथं, कचेरीबाहेर पहिल्यांदा, मी दुसऱ्याचा दावा माझ्या कचेरीतल्या नजरेनं वाचला. वरपासून खालपर्यंत. माझी टाकी कमरेएवढ्या उंचीला होती.

"अण्णा," मी म्हणालो, "भिंत वरनं का भिजली?"

"म्हंजे?"

"माझं पाणी वर चढून परत खाली येतंय का?"

सगळ्यांनी माना वर केल्या. पत्र्यात, भिंतीच्या अगदी कडेला, उजेडासाठी एक काच बसवलेली होती. तिच्या कडेच्या सिमेंटाला तडा गेलेला आणि तिथून पावसाचं पाणी ओघळून नेमकं भिंतीवर उतरत होतं. बारीक, सलग, बिनबोभाट. उघडीप पडली की भिंत वाळत होती. माझी टाकी गळत होती हे खरं, पण तिचं पाणी आमच्याच फरशीवर मुरत होतं.

"ती काच सिमेंटात कुणी बसवली?" मी विचारलं.

भरमू अण्णांनी अप्पासाहेबांकडे बघितलं. अप्पासाहेबांनी आभाळाकडे.

"कडक सांधा सांगिटलासा न्हवं तुमी," अण्णा म्हणाले. "दगडासारखा."

"पाणी उतारानंच येतंय," अप्पासाहेब हळूच म्हणाले. "एवढं मात्र माझं बरोबर हाय."

नीलम आक्का अजून बॅग घेऊनच उभी होती. "आई, आपल्यात मासं कवापासनं पाळतात?" तिनं विचारलं.

"आपला शिवा पाळतोय," आई म्हणाली. 'आपला' हा शब्द तिनं माझ्या नावाआधी महिन्याभरात पहिल्यांदा लावला होता.

त्या संध्याकाळी मासे टाकीत गेले. काळा लगेच कोपऱ्यात जाऊन सांधा हुंगू लागला, जणू त्यालाही खात्री करून घ्यायची होती. डेचकं आईनं राखेनं, चिंचेनं, गरम पाण्यानं आणि शेवटी तोंडानं काहीतरी पुटपुटत घासलं. पंचमीला दिंडं फुगून अशी वर आली की आक्कानं जाताना सासरी न्यायलाही बांधून घेतली.

पंचमीनंतर एक कोरडं ऊन पडलं. सकाळीच भरमू अण्णा फळीवर. आवाज नेहमीसारखाच मोठा, पण तो कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"ती वरची काच... तुझं ते औषध... बसंल काय?"

"बसेल की," मी म्हणालो. "पण जुनं सिमेंट सगळं काढावं लागेल. आणि माग चालू असताना नाही लावता यायचं."

"म्हंजे पुढच्या अवसेपतूर थांबायचं?"

"ते तुमच्यावर आहे, अण्णा."

त्या कारखान्यात त्यांच्या वडलांपासून अमावास्या सोडून एकही दिवस माग बंद राहिलेले नाहीत. भरमू अण्णा फळीवरून वळले आणि कारखान्यात गेले. एकेक करून आवाज कमी होत गेला, शेवटचा माग थांबला, आणि गल्लीत लोक दारात आले. कुणी गेलं की काय ते बघायला.

मी शिडीवरून पत्र्यावर चढलो, कमरेला बंदूक, तोंडात कागदी पट्टी. अप्पासाहेब खालून काहीतरी सुचवायला लागले.

"अप्पासाहेब," शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून भरमू अण्णा ओरडले, "गप ऱ्हावा. तज्ज्ञ वर हाय."

दार उघडंच होतं. गल्लीनं ऐकलं.